समुद्राचं पाणी बुडतं ते फुकट, पण परत वर आणायचं बिल कोण भरतं?

मीठभाकर | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत एकदा ते "गल्फ स्ट्रीम बंद पडणार, युरोप गोठणार" वालं फॉरवर्ड आलंय (गल्फ स्ट्रीम म्हणजे अटलांटिकमधला, अमेरिकेच्या किनाऱ्याने जाणारा गरम पाण्याचा प्रवाह). सोबत नेहमीचंच चित्र, जगाच्या नकाशावर लाल-निळा पट्टा गुंडाळलेला, लाल म्हणजे वरचं गरम पाणी आणि निळं म्हणजे तळातलं गार. वॉलेस ब्रोकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९८७ च्या लेखापासून हे चित्र जे चिकटलंय ते पाठ्यपुस्तकांपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे. आणि खाली ठरलेलं वाक्य की ग्रीनलंडजवळ पाणी गार आणि खारट होऊन जड होतं, बुडतं, आणि ह्या बुडण्याच्या जोरावर जगभरचं पाणी फिरत राहतं.

माझं म्हणणं असं की ह्या चित्रात इंजिनच दाखवलेलं नाहीये. पातेलं खालून तापवलं की पाणी खळखळा फिरतं हे सगळ्यांना माहितीये, पण तेच पातेलं वरून तापवलं तर? वरचा थर गरम होईल, खालचं गारच राहील, आणि फिरणं वगैरे काही नाही. आता समुद्र बघा, विषुववृत्तावर तापतो तो वरून आणि ध्रुवांकडे गार होतो तोही वरूनच. योहान सँडस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश माणसाने १९०८ मध्ये टाकीत पाणी घेऊन, वेगवेगळ्या खोलीवर गरम आणि गार नळ्या ठेवून हेच तपासलं होतं. त्याचा निष्कर्ष, की उष्णता आत येते ती जागा उष्णता बाहेर जाते त्या जागेपेक्षा खाली असेल तरच जोरदार अभिसरण, म्हणजे पाण्याचं वरखाली फिरत राहणं, टिकतं. समुद्रात तर दोन्ही जागा एकाच पातळीवर, म्हणजे समुद्र हे उष्णतेवर चालणारं इंजिन म्हणून अगदीच भंगार.

मग नुसतं बुडत राहिलं तर काय होईल, तर तळापासून गार पाणी साठत साठत वर येईल, हजार-दोन हजार वर्षांत सगळा समुद्र भरेल, आणि मग नवीन पाण्याला बुडायला जागाच नाही. तसं झालेलं नाही, म्हणजे कुणीतरी खालचं जड पाणी सतत वर आणतंय किंवा वरची ऊब खाली ढकलतंय. ते काम गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध आहे, त्याला ऊर्जा लागते. वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श ह्या दोन समुद्रशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हिशोब मांडला तो साधारण २ टेरावॅट (२ लाख कोटी वॅट), निम्मे वाऱ्याकडून आणि निम्मे, बसून वाचा, चंद्राकडून.

जाणकारांनी भर घाला. मंथन, मंदारपर्वत, वासुकी हे विनोद कृपया नकोत, मागच्या धाग्यात पुरेसे झालेत.

---

तिरकस | रविवार, रात्री १०:३१

चंद्र हा समुद्रमंथनातून निघालेलं रत्न, आणि आता तोच समुद्र घुसळतोय. म्हणजे फेडतोय बिचारा.

(सांगितलं होतंत नकोत म्हणून, पण हे राहवलं नाही. हलके घ्या.)

---

शंकेखोर | रविवार, रात्री ११:०५

धागा आवडला पण एक मूलभूत शंका. वारा तरी कुठून येतो हो? सूर्यापासूनच ना? मग शेवटी उष्णतेवरच चाललंय की सगळं, वाऱ्याला वेगळं श्रेय कशाला. चंद्राचं ठीक, तो वेगळा.

---

मीठभाकर | रविवार, रात्री ११:२०

@शंकेखोर, बरोबर, मूळ मालक सूर्यच, पण मधला दलाल कोण ते महत्त्वाचं आहे. हवा जवळजवळ पारदर्शक, ऊन तिच्यातून आरपार जाऊन जमीन आणि समुद्र तापवतं आणि मग हवा खालून तापते, वर जाऊन उष्णता अवकाशात सोडते. म्हणजे सँडस्ट्रॉमची अट हवा पूर्ण करते आणि समुद्र करत नाही. एकच सूर्य, वरचं इंजिन चालतं, खालचं चालत नाही, म्हणून वरच्याने खालच्याला ओढायचं. इतकंच म्हणणं आहे.

---

बर्गनची_पोर | सोमवार, पहाटे ३:४०

(आमच्याकडे अजून रात्रच आहे, वेळ बघून दचकू नका.)

मस्त विषय. हा वाद नवीन अजिबात नाही, दीडशे वर्षं जुना आहे आणि जुना वाद जास्त मजेदार आहे. १८७० च्या आसपास विल्यम कार्पेंटर विरुद्ध जेम्स क्रॉल. कार्पेंटर लंडनचे मोठे प्रतिष्ठित निसर्गशास्त्रज्ञ, चॅलेंजर जहाजाची १८७२ ची मोहीम निघाली त्यात त्यांचा मोठा हात. त्यांचं मत, ध्रुवाकडे पाणी जड होतं, बुडतं, त्यानेच सगळं चालतं, आणि ते काचेच्या टाकीत एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला उष्णता ठेवून रंगीत पाण्याने लोकांना दाखवायचे. समोर क्रॉल, स्कॉटलंडचा, फारसं शिक्षण नाही, ग्लासगोच्या एका कॉलेजच्या म्युझियममध्ये चक्क झाडलोट-देखभालीची नोकरी, तिथल्या लायब्ररीत बसून फिजिक्स शिकलेला. तो म्हणायचा की तापमानाच्या फरकाने समुद्राच्या पृष्ठभागाला जो उतार येतो तो इतका किरकोळ आहे की त्यावर एवढं पाणी वाहणार नाही, प्रवाह ढकलतो तो वारा. दोघांची जुगलबंदी त्या काळच्या नियतकालिकांत वर्षानुवर्षं चालली. लाल-निळ्या पट्ट्याच्या चित्रात कार्पेंटर जिंकलेत असं दिसतं, पण हिशोबाच्या वहीत क्रॉलचं पारडं जड आहे.

आता थोडी सँडस्ट्रॉमची बाजू ढिली करते. त्याचा नियम जसाच्या तसा खरा नाही. हॅरॉल्ड जेफ्रीजने १९२५ मध्येच आक्षेप घेतला होता की आडव्या दिशेत तापमानाचा फरक असला की थोडंफार अभिसरण होणारच, अगदी तापणं-गार होणं एकाच पातळीवर असलं तरी. नंतर टाकीत लोकांनी तसं करूनही दाखवलं, पाणी फिरतं. पण २००२ मध्ये पापारेला आणि यंग यांनी गणिताने दाखवलं की अशा फिरण्यात किती ऊर्जा खर्च होऊ शकते त्याला कमाल मर्यादा आहे, आणि ती मर्यादा अतिशय कमी आहे. म्हणजे फिरेल, पण रांगत. खऱ्या समुद्रात खोल पाण्यात जो खळबळाट मोजला जातो तो त्यात बसत नाही.

त्यामुळे "उष्णतेचा काही संबंधच नाही" असं कुणी म्हणालं तर त्यालाही हाणा. पृष्ठभागावरचं गार होणं समुद्रात वापरता येईल अशी स्थितिज ऊर्जा तयार करतं का, किती करतं, ह्यावर अजून पेपर लिहिले जातायत आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांवर चिडलेले असतात.

---

गणिती_किडा | सोमवार, सकाळी ९:१५

ऑफिसला यायच्या आधी बसल्या बसल्या केलेलं गणित. २ टेरावॅट म्हणजे २ वर १२ शून्यं, इतके वॅट. जगातल्या समुद्रांचं क्षेत्रफळ साधारण ३६ कोटी चौरस किमी. भागाकार केला की चौरस मीटरमागे येतात साडेपाच मिलिवॅट. मिलिवॅट!! त्याच चौरस मीटरवर सूर्याकडून सरासरी दीडशे वॅटच्या वर मुरतात. म्हणजे जेवढी उष्णता आत येते त्याच्या पंचवीस-तीस हजारावा हिस्सा. मी शून्यं परत मोजली, बरोबर आहेत.

---

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी १०:०२

आम्ही पाटणवाले, आम्हाला कोयनेतच मोजता येतं. कोयना प्रकल्प १९६० मेगावॅट, म्हणजे २ टेरावॅट = हजारभर कोयना, चोवीस तास, बाराही महिने. देशाची विजेची सर्वोच्च मागणी मे २०२४ मध्ये अडीच लाख मेगावॅटला टेकली होती, त्याच्या आठपट. किडेसाहेब, चौरस मीटरला मिलिवॅट असलं तरी एकूण आकडा काय छोटा नाही.

---

मीठभाकर | सोमवार, दुपारी १:३०

दोघांचंही बरोबर. आणि मला सगळ्यात भारी वाटलेलं ते पुढे आहे. हे उलथापालथीचं अभिसरण विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जी उष्णता वाहून नेतं ती साधारण २००० टेरावॅट. मंक-वुन्श यांचं म्हणणं असं की २ टेरावॅटची घुसळण नसती तर ही २००० टेरावॅटची वाहतूकही नसती. त्यातही घुसळणीला दिलेल्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्साच खरोखर जड पाणी उचलायला कामी येतो, बाकी सगळी भोवऱ्या-भोवऱ्यांत मुरून पाणी नखभर कोमट करण्यात जाते.

---

नाना_बोटवाले | सोमवार, संध्याकाळी ७:४५

मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलेला माणूस, गणित तुमचं तुम्ही बघा, पण चंद्राचं वाचून एक लिहावंसं वाटलं. अंदमान समुद्रातून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाताना कधी कधी वारा पडलेला, समुद्र तेलासारखा सपाट, आणि मधेच पाण्याचा एक पट्टा उकळल्यासारखा खदखदताना दिसायचा. लांबच लांब, ह्या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत सरळ रेघ, रडारवरसुद्धा स्वच्छ दिसायची. पट्ट्यात शिरलं की आवाज बदलायचा, छोट्या छोट्या लाटा एकमेकींवर फुटतायत, बोट किंचित बाजूला ओढल्यासारखी व्हायची, आणि बाहेर आलं की परत सपाट. मग थोड्या वेळाने दुसरा पट्टा. आमचा जुना बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणायचा खाली काहीतरी चाललंय साहेब. नकाशावर भरतीची खळबळ म्हणून नोंद असायची पण तिथे पाणी शेकडो मीटर खोल, भरतीचा काय संबंध, हे कोडं होतं. हे त्यातलंच का?

---

दोनापावला | सोमवार, रात्री ९:२०

नाना, अगदी त्यातलंच! आणि तुमचा बोसन बरोबर बोलत होता, खालीच चाललेलं असतं. मी शास्त्रज्ञ नाही, सर्व्हेच्या जहाजांवर उपकरणं सांभाळायचं काम केलंय, तर जेवढं कळतं तेवढं सांगतो.

समुद्रात वर गरम हलकं पाणी, खाली गार जड पाणी, त्या दोघांच्या सीमेवर सुद्धा लाटा उठतात. त्यांना अंतर्गत लाटा म्हणतात. भरती-ओहोटीचं पाणी समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरून, बेटांच्या मधल्या उंबरठ्यांवरून आत-बाहेर सरकतं तेव्हा हे थर वरखाली ढकलले जातात. अंदमान-निकोबारच्या बाजूने असे बरेच उंबरठे आहेत. तिथून ज्या लाटा निघतात त्यांची उंची साठ मीटर आणि त्याहून जास्त मोजलेली आहे, ऑस्बोर्न आणि बर्च यांचा १९८० चा पेपर ह्याच भागावर आहे. वरती मात्र तुम्हाला फक्त खदखदणारा पट्टा दिसतो, कारण खालची लाट वरच्या पाण्याला एका ठिकाणी गोळा करत पुढे जाते. फिलिपाइन्स-तैवानच्या मधल्या लुझोन सामुद्रधुनीत तर ह्याहून अवाढव्य, दोनशे मीटरच्या वर.

ह्या लाटा कुठेतरी फुटतात आणि फुटल्या की वरचं-खालचं पाणी मिसळतं. चंद्राची ऊर्जा खोल समुद्रात पोचते ती अशी.

ही घुसळण समुद्रात सगळीकडे सारखी नाही हे कसं कळलं ते ऐकण्यासारखं आहे. मंकने १९६६ मध्ये हिशोबाने एक मिसळण्याचा दर काढला होता, समुद्र आहे तसा राहायचा तर सरासरी एवढा दर हवा. मग १९९२ मध्ये जिम लेडवेल आणि मंडळींनी पूर्व अटलांटिकमध्ये सुमारे तीनशे मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लुओराइड सोडला, हा वायू निसर्गात जवळजवळ नसतोच त्यामुळे कणभर असला तरी सापडतो, आणि महिनोन्‌महिने जहाज फिरवून तो किती पसरला ते मोजलं. आडवा शेकडो किलोमीटर पसरला, उभा मात्र काही दहा मीटर. मंकच्या दराच्या जेमतेम दहावा हिस्सा. सगळे डोकं धरून बसले की बाकीचं मिसळणं गेलं कुठे. उत्तर पुढच्या प्रयोगात मिळालं, ब्राझीलच्या समोरच्या खोऱ्यात, १९९६-९७ च्या सुमारास. सपाट तळावर मिसळणं किरकोळ, पण मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर कितीतरी पट जास्त, आणि ते भरती-ओहोटीच्या तालावर कमी-जास्त होत होतं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जोर, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) थंड. आपल्या कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल त्यात काय नवीन, पण हे तीन-चार किलोमीटर खोल पाण्यात चाललंय.

---

शंकेखोर | सोमवार, रात्री १०:००

भरतीवरून आठवलं, मग खंभातच्या आखातात सगळ्यात जास्त काम होत असेल ना? भावनगरला दहा मीटरच्या वर भरती येते म्हणतात.

---

दोनापावला | सोमवार, रात्री १०:२५

उलट. तिथली ऊर्जा उथळ पाण्यात तळाशी घासून, गाळ ढवळून संपते. खोल समुद्राला त्याचा उपयोग शून्य. भरतीची जगभरची एकूण ऊर्जा साधारण साडेतीन टेरावॅटच्या वर आहे, त्यातली बरीचशी अशीच उथळ समुद्रात जाते, पॅटागोनियाचा किनारा, युरोपचा उथळ समुद्र, हडसन बे वगैरे. आधी लोकांना वाटायचं सगळीच तिथे जाते. जी. आय. टेलरने १९१९ मध्ये आयरिश समुद्राचा हिशोब केला तेव्हापासून तसंच धरून चालले होते. मग टोपेक्स-पोसायडन नावाचा उपग्रह आला, त्याने समुद्राची पातळी वरून मोजली, आणि एगबर्ट आणि रे यांनी २००० मध्ये दाखवलं की जवळपास १ टेरावॅट खोल समुद्रात, हवाईसारख्या बेटांच्या रांगांवर आणि पाण्याखालच्या पर्वतांवर खर्च होते. मंक-वुन्श यांना जेवढी हवी होती तेवढीच.

आणि चंद्र हे फुकट देत नाही, म्हणजे खरं तर देते ती पृथ्वीच, तिचं फिरणं हळूहळू मंदावतं आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो. अपोलोवाल्यांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलंय.

---

कराडची_सई | मंगळवार, सकाळी ८:१०

वाचतेय, भारी चाललंय. कुठेतरी वाचलं होतं की मासे आणि जेलीफिश पण समुद्र घुसळतात, ते खरं का नुसती पुडी?

---

बर्गनची_पोर | मंगळवार, दुपारी १२:५०

पुडी नाही, पण वजन कमी आहे. २००६ मध्ये काहींनी अंदाज मांडला की समुद्रातले सगळे जीव मिळून वारा आणि भरतीच्या तोडीची, १ टेरावॅटच्या आसपास ऊर्जा पाण्यात सोडत असतील. काटिया आणि दाबिरी यांनी २००९ मध्ये पलाऊच्या तळ्यात जेलीफिशच्या अंगाजवळ रंग सोडून दाखवलं की पोहताना ती पाणी बरोबर ओढत नेते. दिसायला सुंदर प्रयोग. पण अडचण अशी की बहुतेक जीव बारीक, त्यांचे भोवरे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, आणि एवढ्या छोट्या भोवऱ्यातली ऊर्जा पाणी मिसळायच्या आधीच चिकटपणात मरते. आणि बहुतेक जीव वरच्या काहीशे मीटरमध्ये, हिशोब चुकतो तो खालच्या तीन-चार किलोमीटरचा.

सगळे चंद्रावर भाळलेत म्हणून वाऱ्याची बाजू मीच मांडते, कारण माझ्या मते खरा मोठा खेळाडू तोच आहे. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र बघा. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्या मधे ड्रेक पॅसेज, त्या अक्षांशावर जगभर कुठेही जमीन आडवी येत नाही, आणि पश्चिमेकडून वारा बारा महिने झोडपत असतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेला न जाता डाव्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडे ढकललं जातं. (उत्तर गोलार्धात उजवीकडे. नॉर्वेचा ध्रुव-संशोधक नान्सेन याने फ्राम जहाजावर बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे सरकताना पाहिला, आणि एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित सोडवलं. आमच्या नॉर्वेवाल्यांना हे सांगायला फार आवडतं.) आता वरचं पाणी उत्तरेला गेलं तर त्या जागी कुठून येणार? जमीन आडवी नाही म्हणजे वरच्या वर बाजूने परत येऊ शकत नाही. मग ते दोन-अडीच किलोमीटर खोलीवरून वर खेचलं जातं. आणि तिथे घनतेचे थर तिरके होऊन पृष्ठभागापर्यंत आलेले आहेत, त्यामुळे ग्रीनलंडजवळ बुडलेलं पाणी त्या थरावरून घसरत सरळ वर येतं, कुणाला मिसळायचीही गरज नाही. टॉगवाइलर आणि सॅम्युअल्स यांनी १९९० च्या दशकात हे मांडलं.

म्हणजे आजचं चित्र साधारण असं की अटलांटिकमधली वरची फेरी मुख्यतः दक्षिणेच्या वाऱ्यावर, आणि अंटार्क्टिकाजवळ बुडून पार तळाला जाणाऱ्या पाण्याची खालची फेरी मुख्यतः घुसळणीवर, म्हणजे चंद्रावर. थोडं इकडचं तिकडे असेल. वारा समुद्राच्या मोठ्या प्रवाहांना जी ऊर्जा देतो तीही साधारण १ टेरावॅटच निघते आणि तिचा मोठा भाग ह्या एकट्या दक्षिणी पट्ट्यात जातो.

---

नाना_बोटवाले | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

त्याच पट्ट्यातून आपले कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेईवर एकटे गेले होते, मुंबईहून निघून मुंबईला परत, शिडावर. बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. त्या वाऱ्याचं वर्णन ऐकाल तर १ टेरावॅट कमीच वाटेल.

---

दोनापावला | मंगळवार, रात्री ९:०५

तळाच्या फेरीवरून सांगतो. गोव्याहून अरबी समुद्रात आत जाऊन आम्ही सीटीडी खाली सोडायचो, म्हणजे तापमान-क्षारता मोजणारा सेन्सर, भोवती लोखंडी पिंजरा आणि पाणी भरून आणायच्या बाटल्या. डेकवर पाय भाजतायत, पृष्ठभागाचं पाणी २८-२९ अंश, केबल सुटत जाते, स्क्रीनवरची रेघ पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्येच धाडकन डावीकडे पडते आणि मग हळूहळू सरकत तीन हजार मीटरच्या खाली दोन अंशांच्या आसपास येऊन थांबते. पिंजरा वर आला की तळाच्या बाटल्यांवर बाहेरून दव धरलेलं, हात लावला की बधिर. अरबी समुद्राच्या आसपास इतकं गार व्हायची सोयच नाही. ते पाणी अंटार्क्टिकाकडून तळातळाने सरकत आलेलं, आणि उत्तरेला जमीन असल्याने पुढे जायला वाट नाही, म्हणजे त्याला इथेच हळूहळू ऊब खात वर यायचं आहे.

---

बर्गनची_पोर | मंगळवार, रात्री १०:१५

अवांतर पण लिहितेच, उष्ण भागातल्या समुद्रातही खोलवरचं पाणी गार असतं हे पहिल्यांदा मोजलं १७५१ मध्ये, हेन्री एलिस नावाच्या कप्तानाने आफ्रिकेच्या वायव्येला. गुलामांची वाहतूक करणारं जहाज. वर-खाली झडपा असलेली बादली दीडेक किलोमीटर सोडली. मग त्या गार पाण्याचा उपयोग काय केला, तर आंघोळीला आणि वाइन गार करायला. जहाजाच्या पोटात माणसं कशी कोंबलेली असायची ते माहीत असताना हे वाचलं की विज्ञानाचा इतिहास घशाखाली उतरत नाही.

---

शंकेखोर | बुधवार, सकाळी ९:४०

हे सगळं ठीक. पण मग मूळ फॉरवर्ड खोटं धरायचं का? वारा आहे, चंद्र आहे, मग बर्फ वितळून काय फरक पडणार, चालूच राहील की सगळं. माझा मेहुणा हेच म्हणतो, हवामान बदल वगैरे थोतांड.

---

मीठभाकर | बुधवार, दुपारी २:१५

नाही नाही, मेहुण्यांना एवढ्यावर सोडू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्फ स्ट्रीम हा अमेरिकेच्या किनाऱ्याने जाणारा प्रवाह मुख्यतः वाऱ्याचा, वुन्शनेच २००४ मध्ये लिहिलं होतं की तो थांबवायचा तर वारे थांबवा नाहीतर पृथ्वीचं फिरणं. फ्लोरिडापाशी त्यातून सेकंदाला सुमारे ३ कोटी २० लाख घनमीटर पाणी जातं, आणि ते मोजतात कसं तर समुद्राखालच्या जुन्या टेलिफोन केबलवर. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहतं म्हणून केबलमध्ये व्होल्टेज येतं, १९८० च्या दशकापासून त्यावरून प्रवाह काढतात.

दुसरी गोष्ट म्हणजे अटलांटिकची उभी फेरी. वर उत्तरेला, खाली दक्षिणेला, साधारण १ कोटी ७० लाख घनमीटर सेकंदाला. ऊर्जा वारा-चंद्राची असली तरी पाणी कुठे बुडणार, किती बुडणार, हे गारवा आणि मीठ ठरवतं. वितळलेलं गोडं पाणी वर पसरलं की बुडणं अडतं, आणि बुडणं अडलं की दक्षिणेकडून येणारं खारं पाणी कमी येतं, म्हणून ते अजून अडतं. स्टोमेल नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये नुसत्या दोन टाक्यांच्या गणितावर दाखवलं होतं की त्यामुळे अभिसरणाच्या दोन स्थिती संभवतात, एक जोरात आणि एक मंद. तर वारा वाहत राहील, चंद्र उगवत राहील, आणि तरीही ही फेरी ढासळू शकते. २००४ पासून २६.५ उत्तर अक्षांशावर उपकरणांची रांग लावून ती मोजतायत, २००९-१० मध्ये वर्षभर ती जवळपास ३० टक्के घसरली होती आणि मग परत सावरली.

थोतांड नाही, पण "उद्या युरोप गोठणार" हेही नाही.

---

दोनापावला | बुधवार, रात्री ८:५०

गोड्या पाण्याने काय होतं ते बघायला ग्रीनलंडला जायची गरज नाही. मान्सूनचा वारा अरबी समुद्रावरही आणि बंगालच्या उपसागरावरही. पण उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी, महानदी ओततायत आणि वरून पाऊस. हलक्या गोड्या पाण्याची झाकणी बसते आणि तेवढा वारा ती फोडू शकत नाही, मिसळायचं तर फार जास्त ऊर्जा लागेल. इकडे अरबी समुद्रात वारा जोरदार, वरचं पाणी खारट, खालचं गार पाणी खतासकट वर येतं, सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला तर फारच. म्हणून अरबी समुद्र इतका सुपीक आणि उपसागर मानाने उपाशी. हा भाग आमच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी खूप अभ्यासलाय.

---

गणिती_किडा | गुरुवार, सकाळी ९:०५

एक सरळ प्रश्न. दक्षिणेचा वारा इंजिन असेल, आणि ओझोनच्या भोकामुळे तिथले वारे गेल्या काही दशकांत वाढलेत असं वाचलंय, तर मग अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह त्या प्रमाणात वाढला का?

---

बर्गनची_पोर | गुरुवार, दुपारी ४:२०

नाही ना! हेच तर गोंधळाचं आहे. ड्रेक पॅसेजमधून सेकंदाला १३ ते १७ कोटी घनमीटर पाणी जातं, आकडा मोजणीच्या पद्धतीवर अवलंबून, पण वारा वाढला म्हणून त्यात तसा काही ठळक बदल दिसत नाही. वाढले ते भोवरे. पन्नास-शंभर किलोमीटरचे भोवरे जास्तीची ऊर्जा खातात, आणि वारा जे थर तिरके करायला बघतो ते भोवरे परत आडवे करतात. म्हणजे वाऱ्याला दुप्पट पगार दिला तरी काम दुप्पट होत नाही. उभ्या फेरीवर किती परिणाम होतो ते मॉडेलमध्ये भोवरे नीट दाखवलेत की ढोबळ धरलेत त्यावर बदलतं, आणि ते नीट दाखवायला जेवढी कॉम्प्युटर ताकद लागते तेवढी हजार वर्षांच्या मॉडेलला परवडत नाही.

---

नाना_बोटवाले | गुरुवार, रात्री ८:००

आणि चंद्र लांब चाललाय तर ते इंजिन पण हळूहळू मंद होणार?

---

दोनापावला | गुरुवार, रात्री ९:४५

नाना, ३.८ सेंटिमीटरने आपल्या हयातीत काही होत नाही. त्यापेक्षा समुद्राची पातळी जास्त फरक पाडते. हिमयुगात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे उथळ किनारे सगळे कोरडे, आपला खंभात पण जमीन. भरतीची ऊर्जा जिथे घासून मरायची ती जागाच गेली. मॉडेल सांगतात की तेव्हा खोल समुद्रात भरती आजच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा सोडत होती, विशेषतः उत्तर अटलांटिकमध्ये. चंद्र तोच, अंतर जवळपास तेच, आणि तळाची घुसळण जास्त. मग तेव्हा अभिसरण जोरात होतं का, तर गाळातल्या खुणा त्यावर एकमताने बोलत नाहीत. @बर्गनची_पोर, तुझ्याकडे त्या गाळाच्या नमुन्यांवर काम करणारं कुणी असेल तर त्यांना गाठून लिही की.